पायरी सोडून

मी पायरी बोलतेय. कोर्टाची नव्हे, तिच्याबद्दल शहाण्यांनी आधीच सगळं बोलून ठेवलंय. मी बटणांच्या दुकानाची पायरी. तिघींमधली सगळ्यात खालची, रस्त्याला लागून असलेली.

माणूस पायरीकडे दोनदाच बघतो. एकदा अडखळल्यावर, आणि एकदा चपलेला काही चिकटलं की ते घासायला. त्यामुळे मला कुणी ओळखावं अशी माझी अपेक्षा नाही. पण एका घराचा अख्खा मजला माझ्यापायी अडला होता आणि बरेच दिवस ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, म्हणून आज तोंड उघडलं.

तीस वर्षांपूर्वी या दुकानाला दोनच पायऱ्या होत्या. खालची इतकी उंच, की चढण्याआधी गिऱ्हाईक गुडघ्यावर हात ठेवून एक मोठा श्वास घ्यायचं. एके दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशाची दीडशे बटणं घेऊन उतरताना घसरल्या. बाई वाचल्या, पुडी फुटली. मालक संध्याकाळपर्यंत रस्त्यावर ओणवे होऊन बटणं वेचत होते. एकशे सत्तेचाळीस मिळाली. तीन काही मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

"मालक, पायरी किती बाहेर काढू?"

"काढ बोटभर."

आता हे 'बोटभर' तुम्हाला समजायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मालक लेस मोजतात ती लाकडी गजाला घट्ट लावून, अगदी काटेकोर. मग कात्री चालवण्याआधी टोकाला आपलं बोट आडवं ठेवतात आणि तेवढी जास्त सोडतात. "दोन मीटर, वर बोटभर," असं म्हणत पुडी बांधतात. बाजारात लेस यांच्यापेक्षा स्वस्त मिळते, पण वर बोटभर मिळत नाही. दुकान चाललंय ते त्या बोटावर.

गवंड्याचं बोट मात्र वेगळ्या मापाचं होतं. त्याच्याकडे कुठल्याशा कामातून उरलेली काळी फरशी होती, सव्वा फूट रुंद. ती कापायचा त्याला कंटाळा आला. त्याने ती तशीच बसवली, कडेने सिमेंट फिरवलं आणि हात धुतले. मालकांनी पाय ठेवून पाहिला. मग बसून पाहिलं.

"ऐसपैस झाली," म्हणाले.

अशी मी बोटभर म्हणून जन्मले आणि सव्वा फूट भरले.

आठवड्याच्या आत समोरच्या चष्मेवाल्यांनीही एक पायरी रस्त्यात काढली. त्यांच्याकडे कुणी घसरलं नव्हतं, पण समोरच्याचं पुढे आलेलं बघवत नाही, हा एक वेगळाच दृष्टिदोष आहे आणि त्याला त्यांच्याकडेही भिंग नव्हतं. तेव्हापासून रस्ता बिचारा आम्हा दोघींमधून अंग चोरून जातो.

मालक रोज संध्याकाळी माझ्यावर बसून पेपर वाचत. मोठ्याने वाचत, म्हणजे आत बायकोलाही ऐकू जावं. एक बातमी तर त्यांनी दोनदा वाचली होती: "रस्त्यांवर अतिक्रमणांचा विळखा." वाचून मान हलवली आणि म्हणाले, "लोकांना काही लाजच उरली नाही हो!" आणि नीट मांडी ठोकून बसले. माझ्यावर.

आठ महिन्यांपूर्वी घरात सून आली.

पहिल्यांदा मला वाटलं, पोर मुकी आहे. या घरात सगळे एकाच वेळी बोलतात. त्यांच्यात ही एकटी ऐकणारी. हळूहळू कळलं, की ही बोलत नाही ती बघण्यात गुंतलेली असते म्हणून. मी जन्मभर खालून माणसं पाहत आलेय, त्यामुळे आमचं दोघींचं जमलं.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. एकीत स्वयंपाक आणि सासूसासरे. दुसरीत बटणांची खोकी, चेनचे गठ्ठे, रिळांची कपाटं आणि त्यातूनच जागा करून बसवलेलं नवं जोडपं. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. सासूबाईंनी हौसेने पडद्याला दुकानातली सगळ्यात महाग झालर लावली होती. पण झालर लावली म्हणून पडद्याला कडी येत नाही.

माल तर आतच. मग दिवसातून दहादा पडद्याबाहेर खोकणं सुरू व्हायचं.

"खॉक्, खॉक्. काही नाही हं, बारा नंबरची काळी चेन तेवढी काढतो."

"अहं, अहं. मी आहे गं. हुकांचा डबा."

महिन्याभरात सून खोकल्यावरून माल ओळखायला लागली. शेवटी एकदा चष्मेवाल्यांनी रस्त्यापलीकडून विचारलंच, "काय हो, घरात साथबीथ आलीय का?"

म्हणून मग ती दोघं दुकान उघडण्याआधी चहाचे कप घेऊन माझ्यावर येऊन बसत. मधे सुट्या बटणांचं ताट. जोड्या लावता लावता गप्पा. घरात हळू बोललं तर चौघांना ऐकू जातं, पण भर रस्त्यात बोललेलं कुणी ऐकत नाही, हे त्यांना लवकर उमगलं होतं. मी ऐकायचे, पण मी कुणाला सांगणार!

"वर खोली झाली," तो एकदा म्हणाला, "तर तुला काय काय हवं तिच्यात?"

"कडी."

"आणि?"

तिने एक निळं बटण दुसऱ्या निळ्याशी लावून पाहिलं. जुळलं नाही. "आतून लागणारी," ती म्हणाली.

वर खोली होण्याची आशा घरात नवी नव्हती. गच्चीवर खांबांच्या सळया वीस वर्षं आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून मालकांनी त्या ठेवल्या होत्या. गंजू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर बाटल्या उपड्या घातल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, गच्चीत बाटल्यांचं पीक आलंय. पण नियम आडवा यायचा. आणि मग नियमच बदलला.

ही बातमी घेऊन नकाशेवाले आले. यांचं काम इमारतींचे नकाशे काढून पालिकेकडून मंजूर करून आणायचं. बगलेत गुंडाळलेला नकाशा, हातात नव्या नियमांची पुस्तिका. दुकानाच्या दारातच त्यांनी नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार बटणांचे डबे ठेवले.

"हा तुमचा रस्ता. निळा."

सासूबाईंनी वाकून बाहेर पाहिलं. "कुठे निळा?"

"नकाशावर, वहिनी. निळा म्हणजे व्यापारी पट्टा. खाली दुकान, वर घर, हे चालतं. आता वर मजले किती, ते समोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं. रस्ता बारा मीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर दुकानावर दोन मजले. कमी भरला तर एकच, म्हणजे आहे तोच. बाकी काळजी नाही. चटई क्षेत्र तुमच्याकडे भरपूर शिल्लक आहे."

"चटया दोनच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यातली एक उंदराने खाल्लेली. पण लागल्या तर आणू की!"

नकाशेवाल्यांनी क्षणभर डोळे मिटले. "चटई क्षेत्र म्हणजे बांधकामातली आतली, वापरायची जागा."

"मग सरळ जागा म्हणा ना!"

मालकांना कसलीच शंका नव्हती. "बाराच आहे रस्ता. आमच्या वडिलांपासून बारा मीटरचा रस्ता म्हणतात याला. लावा अर्ज."

पुस्तिका तिथेच राहिली. मालकांनी चार दिवस तिने वारा घेतला. सासूबाईंनी एकदा तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. सुनेने मात्र ती सकाळी माझ्यावर बसून पहिल्या पानापासून वाचली. एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं: रस्त्याची रुंदी जागेवर जाऊन, या बाजूच्या बांधकामापासून त्या बाजूच्या बांधकामापर्यंत, जिथे सर्वात कमी भरेल तिथे मोजावी.

मोजणीदार आला तो पालिकेची स्टीलची टेप घेऊन. मुलगा कुठेतरी माल पोचवायला गेलेला. मालक सूचना देण्यात मग्न. मोजणीदाराने इकडेतिकडे पाहून सुनेला हाक मारली.

"ताई, हे टोक धरा जरा इथे."

इथे म्हणजे माझ्या काठावर. तिने अंगठ्याने शून्य माझ्या कडेला दाबून धरलं. तो टेप सोडत सोडत चष्मेवाल्यांच्या पायरीपर्यंत गेला, वाकला आणि ओरडला, "अकरा चौसष्ट!"

"परत मोजा," मालक म्हणाले.

परत मोजलं. अकरा चौसष्ट.

"अहो, ऊन पडू द्या. टेप तापली की बरोबर येईल."

"काका, टेप तापली की लांबते. आकडा आणखी कमी येईल."

"मग पहाटे मोजा!"

"पहाटे ऑफिस बंद असतं." मोजणीदाराने टेप सर्रकन आत घेतली. "पंधरा दिवस थांबतो. रुंदी भरते असं दाखवलंत तर येऊन मोजीन. नाहीतर शेरा मारून फाईल बंद."

तो गेला आणि मालक माझ्यावर उभे राहिले. समोर चष्मेवाले त्यांच्या पायरीवर उभे होतेच.

"तुमची पायरी रस्त्यात आलीय!" मालक गरजले.

"कधीपासून दिसायला लागली?"

"माझा मजला अडलाय तुमच्यापायी!"

"लांबचं स्वच्छ दिसतंय तुम्हाला," चष्मेवाले म्हणाले. "जवळचा नंबर तेवढा तपासून घ्या. फुकट तपासतो."

मालकांना टोमणा कळला नाही. मला कळला. आणि दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या सुनेला कळला, कारण ती एकदम माझ्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापडाची टेप घेऊन आली. वरच्या पायरीपासून माझ्या काठापर्यंत मोजलं. अडतीस सेंटीमीटर. तळहातावर पेनाने लिहिलं, त्याखाली अकरा चौसष्ट लिहिलं, बेरीज केली. मग हात माझ्यावरून फिरवला, बसण्याआधी धूळ झटकावी तसा.

तीन दिवस ती कुणालाच काही बोलली नाही. मी समजले. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, आणि ती तोडायला तिलाच सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, बोल बाई. मी दगड आहे, मला काय! पण दगडाचं कोण ऐकतं?

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे खालीच होते. मालक माझ्यावर बसले होते. सासूबाई दारात, मुलगा लेस गुंडाळत, सून काउंटरमागे. मालक पालिकेला शिव्या देऊन दमले आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात ती म्हणाली:

"बाबा, जरा पायरी सोडून बोलू का?"

लेसचं रीळ मुलाच्या हातातून सुटलं आणि माझ्यापर्यंत उलगडत आलं. आठ महिन्यांत सुनेने सगळ्यांसमोर आपणहून उच्चारलेलं पहिलं वाक्य, आणि तेही असलं! सासूबाईंचा हात छातीवर गेला. मालकांनी पेपर मिटला, पाठ ताठ केली. पडद्याचा विषय निघणार, हे त्यांनी ओळखलं असावं.

"बोल," ते म्हणाले. "मनात ठेवू नकोस. आज पायरी सोडूनच बोल."

"पायरी सोडून बारा भरतात."

"आँ?"

"रस्ता, बाबा. ही पायरी सोडून मोजला तर बारा मीटर भरतो."

मालकांनी सावकाश मान खाली घातली आणि आपण कशावर बसलोय ते पाहिलं. तीस वर्षांत प्रथमच.

"ही? ही तर बोटभर आहे!"

"सव्वा फूट आहे."

"मी स्वतः गवंड्याला सांगितलं होतं, बोटभर काढ म्हणून!"

"सांगितलं असेल," ती हळूच म्हणाली. "मोजलं नव्हतं ना."

मालक उठले. आत जाऊन गज घेऊन आले. मला मोजलं. गज उलटा धरून पुन्हा मोजलं. मग गज जागेवर ठेवला.

"मोजून झालं असेल तर ऐका," सासूबाई म्हणाल्या. "उद्याच तोडा ती. खोकून खोकून माझा घसा बसलाय. हुकांचा डबा काढायचा म्हणजे अंगावर काटा येतो!"

"समोरचा त्याची तोडू दे आधी."

"त्याला कुठे सून आलीय!"

"आणि मी संध्याकाळी बसायचं कुठे?"

मालक रुसले. दोन दिवस ते माझ्यावर बसले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला बसूही दिलं नाही. आतल्या खुर्चीत बसून माझ्याकडे असे बघत, जसं काही मीच रांगत रांगत रस्त्यात गेले होते.

तिसऱ्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. चार मीटर पांढरी लेस. मालकांनी गजाला लावून मोजली, टोकाला बोट आडवं ठेवलं, कात्री उघडली आणि थांबले. बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बोटाकडे.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं. "लेस डागाळलीय का?"

"नाही. लेस चांगली आहे." त्यांनी आणखी एक बोट सोडून कात्री चालवली. बाई पायऱ्या उतरून गेल्या तरी ते तसेच उभे होते. "तीस वर्षं गिऱ्हाइकाला बोटभर जास्त देत आलो," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "आणि रस्त्याला मापात मारलं!"

मग मोठ्याने: "गवंड्याला बोलवा रे!"

गवंडी तोच आला. आता म्हातारा. दोन घाव घातले आणि कपाळाचा घाम पुसला. "काय पक्की बांधलीय! कुणाचं काम हे?"

"तुझंच," मालक म्हणाले.

"तरीच!"

खोटं कशाला बोलू, दुखलं. पण गवंड्याने काळी फरशी मात्र एकसंध वर काढली. आपल्याच हातचं काम फोडायला त्याचं मन झालं नसावं. खालचा सिमेंटचा थर सुटला आणि त्यातून तीन पांढरी बटणं बाहेर आली. गणवेशाची. चार भोकांची.

मालकांनी ती फुंकून पुसली. "एकशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, दीडशे," म्हणाले आणि सुनेच्या ओंजळीत ठेवली.

मोजणीदार पुन्हा आला. सुनेने पुन्हा शून्य धरलं, या वेळी वरच्या पायरीच्या काठाला. पलीकडून आवाज आला, "बारा शून्य दोन! बारा मीटर, दोन सेंटीमीटर!"

मालक रस्ता ओलांडून गेले. टेपवर बाराच्या आकड्यापुढे आपलं बोट आडवं ठेवलं. नेमकं बसलं.

"असं म्हणा ना," ते म्हणाले. "बारा मीटर, वर बोटभर!"

सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या चष्मेवाल्यांनी. रस्ता बारा भरला म्हणजे तो त्यांच्यासाठीही बारा भरला. पायरी न तोडता त्यांना आयता मजला मिळाला. मालकांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

पालिकेचं पत्र आलं, तेही एका शेऱ्यासकट: रस्त्यालगतची पायरी अति उंच, गिऱ्हाइकास धोका संभवतो, सबब आणखी एक पायरी काढावी, मात्र ती रस्त्यात नसावी. नकाशेवाल्यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोन्ही पायऱ्या मागे सरकवल्या, तिसरी नवी घातली, आणि दुकान सव्वा फुटाने आत गेलं. काउंटर इतका मागे गेला, की मालक आता आतल्या बाजूने पोट आत घेऊन उभे राहतात.

आणि मी? मी गच्चीत आहे. रस्त्यावरून दोन मजले वर. पायरीची पायरी वाढली म्हणायची! सळयांच्या डोक्यावरच्या बाटल्या उतरल्यात, भिंती कमरेएवढ्या आल्यात. सुनेने गवंड्याला सांगून मला नव्या खोलीचा उंबरठा म्हणून बसवून घेतलंय. माझ्या दोन्ही कडांना दाराची चौकट उभी आहे. दार अजून सुताराकडे आहे. कडी मात्र आलीय. ती सुनेनेच पसंत करून आणली. सकाळी ती दोघं चहा घेऊन वर येतात आणि माझ्यावर बसतात. ताट मधे असतंच.

काल मालक काम बघायला एकटेच वर आले. आत सून जमिनीवर वाकून खडूने कपाटाची जागा आखत होती. मालक माझ्यापाशी येऊन थांबले. दार नाही, पडदा नाही, डोक्यावर छप्पर नाही, चारी बाजूंना उघडं आभाळ. तरी सवयीने त्यांनी घसा साफ केला. आता खोकणार, तेवढ्यात त्यांना चौकट दिसली. त्यांनी खोकला गिळला, हातातला गज उचलला आणि रिकाम्या चौकटीच्या लाकडावर दोनदा वाजवला.

टक्, टक्.

"या ना, बाबा," ती म्हणाली.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. समोरच्याची पायरी मोजायला निघाल तेव्हा आधी खाली, आपल्या पायांकडे बघा. आणि एखाद्या नव्या संसाराच्या दारी गेलात, तर खोकू नका. दार वाजवा. दार नसेल तर चौकट वाजवा. आत असलेल्या माणसाला तेवढंच पुरतं. आणि वर बोटभर.